घोडागाडीसाठी बांधलेला घाट : म्युनिक ते स्टेल्व्हिओ, मोटारसायकलवरून

शुक्रवार : म्युनिक ते प्राद

आल्प्समधील सर्वांत उंच घाटरस्ते वर्षातून जेमतेम पाच महिने खुले असतात. उत्तर इटलीतला स्टेल्व्हिओचा घाट मेअखेरीस किंवा जूनमध्ये बर्फ काढून वाहतुकीला मोकळा करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुन्हा बंद करतात. आम्ही सप्टेंबरचा तिसरा आठवडा निवडला, कारण तोवर उन्हाळी सुट्ट्यांची गर्दी ओसरलेली असते, रस्त्यावरची बर्फवितळीची ओल नाहीशी झालेली असते आणि पहिला मोठा हिमवर्षाव सहसा अजून दूर असतो. वर्षातून एक दिवस हा रस्ता फक्त सायकलस्वारांसाठी राखून ठेवतात. तारीख ठरवताना तेवढे पाहून घ्यावे.

गाडी बीएमडब्ल्यूची आर १२५० आरएस. स्पोर्ट-टूरिंग या प्रकारातल्या गाड्यांमध्ये चालकाची बैठक किंचित पुढे झुकलेली असते, पण रेसिंगच्या गाडीइतकी मनगटांवर येणारी नसते. पुढे वारा अडवणारी काच, मागे दोन्ही बाजूंना पॅनिअर, म्हणजे सामानाच्या पेट्या, आणि मागच्या व्यक्तीला दिवसभर बसता येईल अशी सीट असते. या गाडीचे १२५४ सीसीचे बॉक्सर इंजिन १३६ अश्वशक्तीचे आहे. दोन्ही सिलिंडर गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूंना आडवे असल्यामुळे वजन खाली राहते, आणि मागचे चाक साखळीऐवजी शाफ्टने, म्हणजे फिरत्या दांड्याने, चालत असल्यामुळे प्रवासात तेलपाण्याची कटकट नसते. पत्नी मागे, सामान भरलेले, म्हणजे सगळे मिळून वजन सव्वाचारशे किलोच्या घरात. निघण्यापूर्वी मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, वाढवला आणि टायरमध्ये दोन माणसांच्या हिशेबाने हवा भरली. या दोन गोष्टी केल्या नाहीत तर गाडी मागे बसते, पुढचे चाक हलके होते आणि अरुंद वळणावर ती हवी तिथे वळत नाही.

गार्मिशपर्यंतचा रस्ता झरझर सरला. पुढे एरवाल्डमार्गे ऑस्ट्रियात शिरून फर्नपास ओलांडला, जो उंचीने सुमारे १२०० मीटरच असला तरी मालमोटारींच्या रांगांमुळे वेळ खातो. याच भागातल्या शेजारच्या काही रस्त्यांवर २०२० पासून उन्हाळ्यात ९५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणाऱ्या मोटारसायकलींना बंदी आहे. हा आकडा गाडी उभी असतानाच्या आवाजाचा असून तो वाहनाच्या कागदपत्रांत नोंदवलेला असतो. अनेक दुचाकीस्वार या बंदीवर नाराज आहेत. मला ती रास्त वाटते, कारण दरीत राहणाऱ्या माणसाला रविवारची दुपार शांततेत मिळावी ही अपेक्षा अवाजवी नाही, आणि आपण तिथे पाहुणे असतो.

लांडेकनंतर इन नदीच्या काठाने वर चढत नाउडर्स गाठले आणि १५०७ मीटरवरची रेशेनची खिंड पार करून इटलीत आलो. इथे पाण्याच्या वाटा फुटतात: उत्तरेचे पाणी इनमधून डॅन्यूबला आणि तिच्याबरोबर काळ्या समुद्राला जाते, तर दक्षिणेचे एच नदीतून एड्रियाटिकला. खिंडीला लागूनच रेशेनचा जलाशय आहे. वीजनिर्मितीसाठी १९५० मध्ये इथे धरण झाले, ग्राउन गाव पाण्याखाली गेले आणि चौदाव्या शतकातल्या चर्चचा घंटामनोरा तेवढा पाण्याबाहेर राहिला. प्रवासी त्याच्यासमोर हसत छायाचित्रे काढतात. आम्हांला मात्र उजनीच्या पाण्यातले पळसदेवचे देऊळ आठवले, आणि तिथे फार वेळ थांबवले नाही.

फिन्शगाउच्या खोऱ्यात उतरताना सफरचंदांचा हंगाम ऐन भरात होता. लाकडी व प्लॅस्टिकच्या पेट्यांचे डब्बे ओढणारे ट्रॅक्टर संथपणे चालले होते आणि त्यांच्यामागे सगळी वाहने मुकाट्याने रांगेत होती. प्राद हे घाटाच्या पायथ्याचे गाव, उंची सुमारे ९१५ मीटर. मुक्कामाच्या घरात मोटारसायकलींसाठी वेगळी खोली होती आणि तिथे ओले हातमोजे वाळवायला गरम नळ्यांची सोयही होती.

शनिवार : प्राद, स्टेल्व्हिओ, बोर्मियो

पहाटे साडेसहाला निघालो. दहानंतर या रस्त्यावर मोटारी, बस, सायकली आणि कॅम्पर व्हॅन यांची एवढी दाटी होते की घाट चढण्याऐवजी रांगेत उभे राहावे लागते.

प्रादपासून खिंडीपर्यंतचे अंतर सुमारे २५ किलोमीटर आणि चढ १८४० मीटर. कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे समुद्रकिनाऱ्यापासून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत जितके चढावे लागेल, त्याहून अधिक चढ एका सकाळी, सलग. तरीही रस्त्याचा सरासरी चढ साडेसात टक्क्यांच्या आसपासच राहतो, आणि यातच या घाटाचे सारे मर्म आहे. १८१५ नंतर मिलानभोवतीचे लोम्बार्दी ऑस्ट्रियाकडे आले, तेव्हा व्हिएन्नाला मिलानशी जोडणारा थेट रस्ता हवा होता. कार्लो दोनेगानी या अभियंत्याच्या आखणीनुसार १८२० ते १८२५ या काळात हा रस्ता बांधला गेला. तो घोड्यांसाठी होता. ओझे ओढणाऱ्या घोड्याचा दम तुटू नये एवढाच चढ ठेवायचा, तर उभ्या कड्यावर रस्त्याला पुन्हा पुन्हा मागे वळवण्याखेरीज उपाय नव्हता, आणि म्हणून या बाजूला ४८ हेअरपिन वळणे आहेत. आपल्याकडचा बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, म्हणजे ही दोन्ही कामे जवळजवळ समकालीन. दोन्हींच्या मुळाशी साम्राज्यांची निकड होती, आणि दोन्ही ठिकाणी डोंगराशी बोलणी करताना परिमाण घोड्याचे किंवा बैलाचे होते.

वाटेत गोमागोय गावाला एकोणिसाव्या शतकातला ऑस्ट्रियन किल्ला रस्त्याला अगदी खेटून उभा आहे. त्राफोय गावाच्या पुढे वळणे दाट होऊ लागतात. प्रत्येक वळणावर क्रमांक लिहिलेला असतो आणि हे क्रमांक उलटे आहेत: पायथ्याशी ४८, माथ्याशी १. पत्नी हेल्मेटमधल्या इंटरकॉमवरून ते वाचत होती.

हेअरपिन वळण घेण्याची रीत इथे सविस्तर सांगतो, कारण उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीत ती आपल्या सवयीच्या उलट होते. वरंधा किंवा ताम्हिणीत शिकलेल्या माणसाला डावे वळण आखूड आणि उजवे ऐसपैस असते. इथे चढताना डावे वळण रस्त्याच्या बाहेरच्या अंगाने, मोठ्या घेराने घेता येते, तर उजवे वळण आतल्या कोपऱ्याला चिकटून घ्यावे लागते, आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात चढ सर्वांत तीव्र असतो. तिथे गाडीचा वेग चालत्या माणसाइतका उतरतो. गिअर वळणाआधीच, गाडी सरळ असताना, पहिल्यावर आणायचा. आपल्या लेनच्या डाव्या कडेला, मध्यरेषेजवळ राहायचे आणि वळायला घाई करायची नाही. मान पूर्ण उजवीकडे वळवून नजर वरच्या रस्त्यावर टाकायची, पुढच्या चाकाकडे बघायचेच नाही, कारण गाडी नजरेच्या मागे जाते. अॅक्सिलरेटर एकसारखा धरायचा, मागचा ब्रेक पायाने अलगद दाबून ठेवायचा आणि वेग त्या ब्रेकनेच कमी-जास्त करायचा. मध्येच अॅक्सिलरेटर सोडला तर इंजिनाची ओढ तुटते आणि सव्वाचारशे किलो वजन आतल्या बाजूला कोसळू पाहते.

यात मागे बसलेल्या व्यक्तीचा वाटा मोठा असतो, याची चर्चा फारशी होत नाही. चालकाची नजर वळणाच्या तोंडावर गुंतलेली असताना तिला वरचे दोन-तीन टप्पे मोकळेपणाने पाहता येतात. त्राफोयच्या पुढे आमचे बोलणे एवढेच उरले होते.

"वरून बस येतेय, दोन वळणं वर."

"थांबू?"

"थांब जरा. तिला अख्खा रस्ता लागेल."

आणि खरेच, प्रवासी बस वळताना तिचे नाक पलीकडच्या कठड्यावरून बाहेर झुकते आणि मागचा भाग आपल्या लेनवरून फिरतो. वळणाच्या खालीच, सपाट तुकड्यावर थांबून तिला जाऊ देणे हाच शहाणपणाचा मार्ग. वळणाच्या आत, चढावर, उजवा पाय टेकवायला जमीनच जवळ नसते.

फ्रांझेन्सह्योहे या २१८८ मीटरवरच्या जुन्या विश्रामस्थळापाशी झाडे संपतात आणि उरलेला रस्ता समोरच्या भिंतीवर एकाच वेळी दिसतो. दगडी आधारभिंती एकावर एक रचलेल्या, मध्ये रस्त्याच्या पट्ट्या, आणि अगदी वर खिंडीतल्या हॉटेलांची छपरे. डावीकडे ३९०५ मीटर उंचीचा ओर्टलर आपल्या हिमनद्यांसह उभा असतो. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियन सैन्याने त्याच्या माथ्याजवळ तोफा चढवल्या होत्या. तो माथा डोळ्यांसमोर असताना ही गोष्ट वाचलेली असूनही मनाला पटत नाही.

इथून पुढे थंडी झपाट्याने वाढली. उंचीच्या दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरते, त्यामुळे प्रादला १४ अंश होते तिथे खिंडीत दोन-तीनच उरणार, हे गणित आधीच करून आम्ही आत लोकरीचा थर घातला होता. इंजिनालाही ही उंची जाणवते. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊण पटीपेक्षा थोडा कमी असतो आणि ताकद जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. फ्युएल इंजेक्शन इंधनाचे प्रमाण आपोआप जुळवून घेते, त्यामुळे पूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांसारखे इंजिन गुदमरत नाही. पण हवाच विरळ असेल तर कोणतीही यंत्रणा ती निर्माण करू शकत नाही. आणि तरी काही कमी पडले नाही. या रस्त्यावर १३६ अश्वशक्तींपैकी फार थोड्या लागतात. खालच्या फेऱ्यांत इंजिन किती सुरळीत ओढते, धक्का न देता पुन्हा कसा जोर धरते, एवढेच कामाला येते. ज्या वेगासाठी हा रस्ता आखला त्याच्या जवळपास आपण आलो की वळणे सैल होतात, पुढचे वळण कुठून घ्यायचे हे आधीच्या वळणातून बाहेर पडतानाच दिसू लागते. आमच्या शेजारून सुसाट गेलेले दोघे स्वार प्रत्येक कोपऱ्यात कच्चकन ब्रेक मारत होते आणि माथ्यावर आमच्या जेमतेम मिनिटभर आधी पोहोचले होते.

"एक!" असे इंटरकॉमवर ऐकू आले आणि २७५७ मीटरवर गाडी उभी केली. आल्प्समधल्या डांबरी खिंडींमध्ये याहून उंच फक्त फ्रान्समधली इझेराँची खिंड आहे, तीही सातच मीटरने. माथ्यावर दुकाने, सॉसेजच्या टपऱ्या, स्टिकर आणि टी-शर्ट यांचा बाजार आहे. त्याबद्दल पुष्कळ जण नाक मुरडतात. पण दोन अंशांच्या थंडीत गरम पेय हातात देणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. बाजारापासून थोडे वर, तिबेट नावाच्या गोलाकार विश्रामगृहाच्या अंगणातून, चढून आलेला सगळा रस्ता खाली उलगडलेला दिसतो. तिथे जाणे चुकवू नये.

खिंडीच्या दुसऱ्या बाजूने पाऊलवाटेने द्रायश्प्राखनश्पिट्झ, अर्थात तीन भाषांच्या शिखरावर गेलो. १८५९ मध्ये लोम्बार्दी ऑस्ट्रियाच्या हातून गेल्यावर इटली आणि ऑस्ट्रिया यांची सीमा या खिंडीतून जाऊ लागली, आणि स्वित्झर्लंडची हद्द याच शिखराला येऊन भिडत असे. इटालियन, जर्मन आणि स्वित्झर्लंडमधली रोमान्श या तीन भाषांचे प्रदेश इथे मिळतात. महायुद्धात दोन सैन्ये या कड्यांवर समोरासमोर होती आणि तटस्थ स्विस सैनिक मधून पहारा देत होते. खंदकांच्या दगडी ओळी अजून आहेत. युद्धानंतर दक्षिण टिरोल, म्हणजे प्रादकडचा हा ऑस्ट्रियन प्रदेश, इटलीला मिळाला आणि ही सीमाच येथून नाहीशी झाली.

बोर्मियोकडची उतरण वेगळ्या स्वभावाची. वळणे तिथेही भरपूर आहेत, पण मध्ये मोकळ्या कुरणांचे टप्पे आणि खाली दगडात कोरलेले अरुंद बोगदे येतात. बोगद्यांत छतातून पाणी ठिबकते, रस्ता ओला असतो आणि उन्हातून आत शिरताच डोळ्यांपुढे अंधारी येते. काळी काच असलेले हेल्मेट इथे धोक्याचे. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले तर ते तापतात आणि पकड सोडू लागतात, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. मोठ्या बॉक्सरचे हे इंजिन-ब्रेकिंग फार विश्वासाचे आहे. मागच्या व्यक्तीने अशा उतारावर चालकावर रेलू नये, गुडघ्यांनी आणि मागच्या कड्यांना धरून स्वतःचे वजन सांभाळावे. पत्नीने ते इतके नेमके केले की माझी मनगटे संध्याकाळपर्यंत ताजी होती.

बोर्मियोत रात्री पिझ्झोकेरी खाल्ले: कुट्टूच्या पिठाच्या जाड पट्ट्या, बटाटा, कोबी आणि वितळलेले चीज, वर लोण्यात परतलेला लसूण व सेजची पाने. हा पदार्थ याच व्हाल्तेल्लिना खोऱ्याचा. शाकाहारी माणसाला डोंगरात याहून भरपेट काही मिळणे कठीण.

रविवार : गाविया

स्टेल्व्हिओनंतर गावियाला जायलाच हवे, कारण मग रस्त्यांमधला फरक अंगाला कळतो. बोर्मियोहून सांता कातेरिनापर्यंत दरी रुंद आहे, त्यापुढे रस्ता अरुंद होत जातो. मधली पांढरी रेषा नाहीशी होते. खिंड २६०० मीटरहून थोडी अधिक उंच आहे, तिथे लागो बिआंको नावाचे तळे आहे आणि बाजार मुळीच नाही. ५ जून १९८८ रोजी जिरो दितालिया या सायकल शर्यतीतले स्पर्धक इथून हिमवादळात गेले आणि अमेरिकेच्या अँड्र्यू हॅम्पस्टेनने त्या दिवशी आघाडीची गुलाबी जर्सी मिळवली. ते स्पर्धक ज्या दक्षिणेकडच्या बाजूने चढून आले, त्या बाजूला आम्ही थोडे उतरून पाहिले. तिथे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मध्ये एका मोटारीपुरता डांबरी पट्टा. समोरून मोटार आली की कुणीतरी थांबावे लागते. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा आपल्या घाटातला नियम इथेही पाळतात, आणि तो पाळला की कुणी कुणावर भोंगा वाजवत नाही.

रविवार असल्यामुळे सायकलस्वार पुष्कळ होते. त्यांना ओलांडताना दीड-दोन मीटर जागा सोडणे शक्य नसेल तर आम्ही मागेच राहिलो. दम लागलेला माणूस चढावर थोडा डावीकडे-उजवीकडे झुलतोच, आणि त्याला इंजिनाचा आवाज कानाजवळ नको असतो. परत त्याच रस्त्याने बोर्मियोला आलो. दुपारी जुन्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या स्नानगृहात बसून खांदे मोकळे केले. हे झरे रोमन काळापासून ज्ञात आहेत.

सोमवार : उम्ब्राइल, ओफेन, म्युनिक

सकाळी पुन्हा स्टेल्व्हिओच्या बाजूने चढलो. बोगदे आता ओळखीचे झाले होते. माथ्याच्या अलीकडे तीन किलोमीटरवर उम्ब्राइलकडे जाणारा फाटा आहे. २५०१ मीटरवरची ही खिंड स्वित्झर्लंडमधला सर्वांत उंच डांबरी घाटमार्ग. खिंडीपलीकडे गवताळ उतार, मग देवदार जातीची झाडी आणि शेवटी सांता मारिया गाव. इथे घरांच्या भिंतींवर रोमान्श भाषेत लिहिलेले असते आणि लोक "अलेग्रा" म्हणून अभिवादन करतात. जवळच म्युस्टायरला कॅरोलिंजियन काळातला, म्हणजे शार्लमेन राजाच्या घराण्याच्या काळातला, संत जॉनचा मठ आहे, ज्यातल्या भित्तिचित्रांमुळे १९८३ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आम्ही तासभर थांबलो. हेल्मेट हातात घेऊन आत गेलेल्या आम्हांला तिथल्या भगिनींनी काही न बोलता ठेवायला बाकडे दाखवले.

पुढे ओफेनची २१४९ मीटरवरची खिंड आणि तिच्यानंतर १९१४ मध्ये स्थापन झालेले स्विस राष्ट्रीय उद्यान. रस्ता उद्यानातून जातो, पण ठरवून दिलेल्या जागांखेरीज थांबायचे नसते. इथली वळणे लांब आणि सलग आहेत, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये घेण्याजोगी, आणि स्पोर्ट-टूरिंग गाडी ज्यासाठी बनवलेली असते ते तिला इथेच मनसोक्त करता येते: ब्रेकला हात न लावता, फक्त अॅक्सिलरेटरने, एका वळणातून दुसऱ्यात सरकत जाणे. वेगमर्यादा ८० किलोमीटर आहे आणि दंड जबर असतात. पण या रस्त्याची गंमत ८० च्या आतच पुरेपूर मिळते. पिवळ्या पोस्टबसचा तीन सुरांचा भोंगा वळणाआड ऐकू आला की बाजूला व्हायचे. डोंगरी टपालमार्ग म्हणून खूण केलेल्या रस्त्यांवर तर बसचालक सांगेल तसे करणे बंधनकारकच असते.

त्सेर्नेत्सहून इनच्या काठाने मार्टिनाला आलो. तिथून नदीकाठचा सोपा रस्ता सोडून नॉर्बेर्ट्सह्योहेची ११ वळणे चढून नाउडर्सला जायचे ठरवले. पत्नीने विचारले, "उजवी वळणं मोजू का?" मी नको म्हटले, आणि ती वरचा रस्ता बघत राहिली. पहिला गिअर दोनदाच लागला, बाकी सगळी वळणे दुसऱ्यावर, एकाच लयीत गेली. नाउडर्सला पेट्रोल भरले, टायरची हवा तपासली आणि फर्नपासवर संध्याकाळची रांग लागण्याआधी लांडेक गाठायचे म्हणून लगेच निघालो.